पाऊस बघायला जायचंय, ताई कुठं जाऊ?

मृग लागला की आपल्या या सदराला येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो, बहुतेकांचं एकच, शनिवार-रविवार आहे, डोंगरात जायचंय, कुठं जाऊ ते सांगा. यावेळी सगळी पत्रं एका बैठकीत वाचली तेव्हा लक्षात आलं की सगळे ठिकाण विचारतात पण सोबत कोण आहे, रस्ता कुठला, परत कधी निघणार हे फार थोडे जण लिहितात, आणि पावसाळ्यात मला विचाराल तर हेच आधी ठरवायचं असतं, ठिकाण त्याच्या मागून येतं. ज्यांनी हे लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतलीत.

ताई, आम्ही कोथरूडचे. नवरा, मी, चार आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासूबाई, त्या एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. जुलैत दोन दिवस महाबळेश्वर की माथेरान यावर घरात रोज चर्चा. सासूबाई म्हणतात पावसात महाबळेश्वरला जाऊन बघायचं काय, सगळं धुक्यात. गाडी आमची आहे.

सासूबाईंचं बरोबर आहे हो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या पुण्याच्या सातपट वगैरे, आणि त्यातला जवळपास सगळा या चार महिन्यांत. जुलैत एका दिवसात दोनशे-अडीचशे मिलीमीटर पडला तर तिथल्या माणसांना नवल वाटत नाही. आर्थर सीट म्हणा, केट्स पॉइंट म्हणा, समोर पांढरा पडदा असतो, वारा छत्री उलटी करतो, आणि चार वर्षांचं लेकरू दहा मिनिटांत गाडीत चला म्हणून रडायला लागतं. वेण्णा लेकची बोटिंगसुद्धा पावसाचा जोर असला की बंद ठेवतात. आणि स्ट्रॉबेरी म्हणाल तर ती थंडीतली, जुलैत मिळेल तो जॅम किंवा सरबत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पण म्हणून बेत रद्द करू नका, मुक्काम पाचगणीला टाका. पाचगणी महाबळेश्वरपासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला आहे आणि तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. असं का, तर समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात, पुढं पूर्वेला जाईपर्यंत त्यांच्यात फारसं उरतच नाही, म्हणून पाचगणीला कमी आणि खाली वाईला आणखी कमी. थोडं पूर्वेला सरकायचं ही युक्ती सह्याद्रीत सगळीकडं चालते, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी नेहमी हेच सांगते, घाटमाथ्यापासून जरा अलीकडं राहा, माथा एक चक्कर मारून बघून या.

शनिवारी सकाळी सातला निघा, मुलांना भरपेट नाश्ता देऊ नका, पसरणी घाटाच्या वळणांवर उलट्या होतात, पोळीचा रोल किंवा केळं पुरे. वाईला थांबून ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, सासूबाईंना आवडेल, पण कृष्णेला पाणी वाढलेलं असेल तर घाटाच्या पायऱ्या उतरू नका, लांबूनच नमस्कार. दुपारपर्यंत पाचगणीत पोचलात की मग बाहेर पडायची घाई नाही. हॉटेल ठरवताना स्विमिंग पूल आहे का ते विचारू नका, तीन गोष्टी विचारा, खोली तळमजल्यावर आहे का, समोर व्हरांडा किंवा पडवी आहे का, आणि लाइट गेली तर गरम पाणी आणि दिवे चालतात का. पावसात डोंगरावर वीज जातेच. पडवी असली की सासूबाई खुर्चीवर शाल घेऊन बसतील, मुलं कागदाच्या होड्या करतील, गरम भजी आणि चहा येईल, आणि समोरून ढग चालत येऊन तुमच्या अंगणात शिरेल, हेच तर बघायला गेलाय ना तुम्ही.

रविवारी सकाळी उघडीप असेल तर जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर करून या, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान मानतात ते. मंदिरातली फरशी ओली आणि गुळगुळीत असते, सासूबाईंचा हात कुणीतरी धरायचा. पाचगणीच्या टेबललँडवर, म्हणजे तिथल्या सपाट पठारावर, कडेला जाऊ नका, मुलांचा हात तर सोडूच नका. आणि तीन वाजता परत निघा, पसरणी उजेडात उतरला पाहिजे.

माथेरान सुंदर आहे पण या वेळी नको. गाड्या दस्तुरीला ठेवाव्या लागतात, पुढं आत मोटारींना बंदी. अमन लॉजपासून माथेरानपर्यंत छोट्या रेल्वेची शटल असते, पण स्टेशनापासून हॉटेलपर्यंत लाल चिखलातून चालणं आलंच, ते दुखऱ्या गुडघ्यांना सोसणार नाही. धाकटा जरा मोठा झाला की जा.

ताई, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, आठ जण, चार बाइक, पिंपरीहून. रीलमध्ये ताम्हिणीच्या बाजूचा एक सिक्रेट धबधबा बघितलाय, लोकेशनपण मिळालंय. रविवारी पहाटे निघून रात्री घरी. काय काय सोबत न्यायचं?

पोरांनो, सामानाची यादी नंतर, आधी मी सांगते ते पूर्ण वाचा, मधेच सोडू नका.

३० जून २०२४ ला, रविवारच होता, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ते काही स्टंट करायला गेले नव्हते, पाण्यात उभे होते. पाणी वाढलं, ते एकमेकांना घट्ट धरून मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेले. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, परत बघवला नाही. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला, चार जीव गेले, तोही रविवार.

पाणी असं अचानक कसं वाढतं ते समजून घ्या, इंजिनिअरिंगवाले आहात, लगेच कळेल. तुम्ही उभे असता तिथं ऊन असेल, पण वर चार-पाच किलोमीटरवर ढग रिकामा झाला की ते सगळं पाणी त्याच एका घळीतून खाली येतं, कातळ असतो, मुरायला जागाच नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीसुद्धा जोरात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलतं. त्यात खाली शेवाळं. पोहता येतं याचा तिथं काही उपयोग नसतो, कारण तो मार पाण्याचा नसतो, दगडांचा असतो.

म्हणून तो सिक्रेट धबधबा सोडा. ज्या धबधब्याला वाट नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही, तिथं काही झालं तर मदत पोचायला तास जातात, आणि ती मदत करायला येणारी पोरं पण तुमच्याच वयाची असतात, गावातली, ट्रेकिंग ग्रुपची, दोर घेऊन त्याच पाण्यात उतरतात. शिवाय पावसाळ्यात अशा बऱ्याच जागांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असतो, देवकुंड धबधब्याला तर दरवर्षी जवळपास ठरलेलाच, निघायच्या आधी बघा आणि पाळा.

जायचंच आहे ना, जरूर जा, ताम्हिणीचा रस्ताच इतका देखणा आहे की पाण्यात उतरायची गरजच नाही. मुळशीच्या बाजूनं निघा, समोरच्या कड्यांवरून एकावेळी डझनभर धारा पडताना दिसतात, रुंद जागा बघून गाड्या लावा, वळणावर नाही आणि कड्याच्या अगदी खाली तर नाहीच, भाजलेलं कणीस खा, फोटो काढा. रस्त्याकडेच्या छोट्या धारेखाली पाय भिजवायचे असतील तरी एक सवय लावून घ्या, काठावरचा एखादा दगड नजरेत धरून ठेवा, तो बुडायला लागला, पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, यातलं एक जरी झालं तरी बाहेर, त्याच क्षणी, चप्पल राहिली तर राहू दे.

आणि बाइकचं. दोघांनाही हेल्मेट, मागे बसणाऱ्यालासुद्धा. रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे ओले झाले की निसरडे होतात, वळणावर त्यांच्यावर ब्रेक मारू नका, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. जो सगळ्यात हळू चालवतो त्याला पुढं ठेवा, बाकीचे त्याच्या मागं. रात्री घरी नाही, संध्याकाळी पाचला घाटाच्या बाहेर. आणि जो चालवणार तो पिणार नाही, हे निघायच्या आधी सगळ्यांच्या समोर एकमेकांकडून कबूल करून घ्या. गटारीच्या रविवारी तर जाऊच नका, त्या दिवशी तुम्ही कितीही सांभाळून चालवलं तरी समोरून येणाऱ्याची खात्री नाही.

सामान म्हणाल तर रेनकोट, कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून, पॉवर बँक, दोर नको, चाकू नको, अडचणीत मदत मागायचा ११२ नंबर तेवढा पाठ असू दे.

कासची फुलं जुलैत दिसतील का? आमची सुट्टी जुलैतच आहे.

नाही दिसणार. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बघा, त्यातही सप्टेंबर उत्तम, आणि ऑनलाइन बुकिंग करून जा. २०१२ मध्ये कासला जागतिक वारशात जागा मिळाली तेव्हापासून गर्दी वाढलीय, त्यामुळं जमलं तर मधल्या वारी. जुलैत साताऱ्यालाच जायचं असेल तर ठोसेघर बघा, तिथं धबधबा लांबून कठड्यामागून बघायची सोय आहे.

आम्ही दोघी मैत्रिणी, डोंबिवलीच्या, बँकेत नोकरी. गाडी नाही, ड्रायव्हिंग येत नाही. लोकलनं जाऊन दोन दिवस शांत राहता येईल असं काही? घरचे म्हणतात दोघींनीच पावसात कशाला.

घरच्यांना सांगा, गाडी नाही हे यात चांगलंच आहे, पावसाळ्यात घाटात गाडी चालवण्यापेक्षा रेल्वे कधीही बरी. आणि तुमच्यासाठी माझ्या मनात एकच नाव आहे, माथेरान. वर मी एका घराला नको म्हटलं ते गुडघ्यांमुळं, तुम्हा दोघींसाठी मात्र याहून चांगलं ठिकाण मला सुचत नाही.

कर्जत लोकलनं नेरळ, नेरळहून शेअर टॅक्सीनं दस्तुरी, तिथं प्रवेश कर भरायचा आणि पुढं अडीच-तीन किलोमीटर चालत, रुळाच्या कडेकडेनं, किंवा अमन लॉजहून शटलनं. १९०७ ला सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी, पण नेरळपासून वरपर्यंतचा पूर्ण प्रवास पावसाळ्यात बंद असतो, २००५ च्या जुलैत तर रूळच वाहून गेले होते आणि परत सुरू व्हायला दोन वर्षं लागली, तेव्हा नेरळहूनच टॉय ट्रेन मिळेल असं धरून जाऊ नका. मला विचाराल तर चालतच जा. आत मोटारी नाहीत, हॉर्न नाही, झाडी इतकी दाट की पाऊस थांबल्यावरही पंधरा मिनिटं पानांवरून पडत राहतो, आणि लाल मातीवरून वाहणारं ते चहाच्या रंगाचं पाणी. शार्लोट लेकपर्यंत फिरून या, तळ्यात उतरायचं नाही, पॉइंटांवर कडेच्या आत राहायचं, माकडांसमोर खाऊची पिशवी काढायची नाही. पावसाळ्यात काही हॉटेलं बंद असतात, जी चालू असतात ती स्वस्तात मिळतात, फोन करून जेवण मिळतं का ते विचारा, बाजारपेठेच्या जवळचं घ्या म्हणजे रात्री अंधारातून चालावं लागणार नाही.

शक्य असेल तर सोमवार-मंगळवारची रजा टाकून रविवारी दुपारी चढा आणि मंगळवारी सकाळी उतरा. रविवारी संध्याकाळी सगळे खाली जात असतात आणि तुम्ही वर जात असता, सोमवारी माथेरान जवळपास तुमचंच. फक्त मंगळवारी सकाळी उतरून थेट दुपारी काउंटरवर बसायचा हिशोब ठेवू नका, कर्जत लाइनवर जोराचा पाऊस झाला की गाड्या रखडतात, तो अख्खा दिवस मोकळा ठेवा.

मला लायसन्स मिळून वर्ष झालं. घाटात धुकं लागलं तर काय करायचं याची भीती वाटते. मिस्टर म्हणतात हॅझर्ड लाइट लावून हळू चालव.

मिस्टरांना सांगा, हळू बरोबर, हॅझर्ड चूक. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावले की मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. हेडलाइट लो बीमवर, फॉग लॅम्प असतील तर तेही, हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डावीकडची पांढरी रेघ धरून चालवा, ओव्हरटेक पूर्ण बंद. काच आतून धुरकट होते तेव्हा हातानं पुसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. उतरताना तोच गिअर जो चढताना लागला असता, सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. निघायच्या आधी वायपरची रबरं बदलून घ्या आणि टायर बघा, खाच १.६ मिलीमीटरच्या खाली गेली तर तो टायर कायद्यानंही चालत नाही, पावसात मी तर त्याच्या बऱ्याच आधी बदलते.

आणि रस्त्यावर बारीक दगड घरंगळत आलेले दिसले, कड्यातून लाल गढूळ पाणी यायला लागलं, झाड किंवा खांब कलला असेल, तर तिथं थांबून बघत बसू नका, मागं फिरता येत असेल तर फिरा. डोंगर सुटायला वेळ लागत नाही, ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी, दोन्ही गावं गाडली गेली. परत फिरलात तर बुकिंगचे पैसे जातील, जाऊ देत.

मागच्या वर्षी रेड अलर्ट आला म्हणून गेलो नाही, हॉटेलनं एक रुपया परत दिला नाही. यंदा काय काळजी घ्यावी?

माझंही एकदा असं झालंय, घाट बंद होता, पोचणंच शक्य नव्हतं, आणि पलीकडून उत्तर आलं की आमचं हॉटेल तर उघडं आहे. खूप राग आला होता, पण चूक ही की मी पैसे भरायच्या आधी विचारलंच नव्हतं. आता मी फोनवर बोलून झाल्यावर मेसेज टाकते, रेड अलर्ट आला किंवा घाट बंद झाला तर तारीख बदलून मिळेल ना, आणि त्यांचं लेखी हो आल्यावरच अ‍ॅडव्हान्स, तोही थोडा. पैसे परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मागा, छोटे हॉटेलवाले याला बहुतेक तयार होतात, त्यांचाही सीझन असतो हो. लेखी देऊनही नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

आणि अलर्ट वाचायला शिका. हवामान खात्याचा यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. रेड साधारण चोवीस तासांत २०४ मिलीमीटरच्या वर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा येतो. माझा नियम असा की घाटमाथ्याला ऑरेंज असेल तर लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना घेऊन निघत नाही, रेड असेल तर कुणालाच घेऊन नाही. जिल्ह्याचा इशारा बघताना घाट भागाचा वेगळा असतो तो बघा, पुणे शहरात यलो आणि पुणे घाटात रेड असं बऱ्याचदा असतं.

जुलैत मनालीचं विमान-हॉटेल पॅकेज स्वस्त मिळतंय, घ्यावं का?

नको. हिमाचलात त्याच महिन्यात पूर आणि दरडी येतात, २०२३ च्या जुलैत कुलू-मनालीचा रस्ता बियास नदीनं जागोजागी खाऊन टाकला होता आणि पर्यटक अडकून पडले होते. पैसे ठेवा, ऑक्टोबरात जा.

ताई, आम्ही नवरा-बायको कोल्हापूरचे, निवृत्त. गर्दीचा कंटाळा. आंबोलीला जावं म्हणतोय पण लोक सांगतात तिथं धबधब्यावर नुसता धिंगाणा.

धिंगाणा खरा आहे, पण तो एका धबधब्यापुरता आणि शनिवार-रविवारी दिवसाचा. तुम्ही निवृत्त आहात, मंगळवारी जा की! आजऱ्यावरून आरामात दुपारपर्यंत पोचाल, आणि दोन रात्री राहा, कारण आंबोली दिवसा दिसते त्याहून जास्त रात्री दिसते. गावातली निसर्गाची माहिती असलेली काही मंडळी पावसाळ्यात रात्री फिरायला नेतात, त्यांच्यासोबतच जा, एकटे जाऊ नका. गमबूट किंवा पूर्ण बंद बूट घाला, पायमोज्यात पँट खोचा, जळवा लागतात, लागली तर ओढू नका, नखानं कडेनं सरकवली की सुटते. फांदीला हात लावायच्या आधी टॉर्च मारून बघा, मलबारी चापडा हा साप नेमका हाताच्या उंचीवर फांदीवर बसलेला असतो, विषारी आहे पण अंगावर येत नाही, आपण दुरून बघितलं की झालं.

सकाळी हिरण्यकेशीच्या उगमाला जा. तिथल्या कुंडात हिरण्यकेशीच्याच नावाचा एक छोटासा मासा सापडला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाली, म्हणून पाण्यात पाय घालायचे नाहीत, साबण तर नाहीच. वहिनींना पायऱ्यांचा त्रास असेल तर वरच थांबलं तरी आवाज पोचतो.

आणि रात्री एखाद्या पाण्याच्या डबक्यावर वाकलेल्या फांदीवर पांढरा फेसाचा गोळा दिसला तर टॉर्च डोळ्यांवर न मारता तिथंच थांबा. ते मलबार उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं झाली की फेस विरघळतो आणि ती थेट खालच्या पाण्यात पडतात. आसपास पानावर ती हिरवीगार मादी बसलेली असेल, बोटांमध्ये लालसर पडदे असतात तिच्या, हात लावू नका, फक्त बघा, आणि मला पत्रानं कळवा दिसली का.